व्होल्टेज-कंप्रता समायोजन, स्मार्टफोन प्रोसेसरचे

स्मार्टफोनमधील प्रोसेसरच्या घड्याळाची कंप्रता (दर सेकंदाला पडणारे ठोके) आणि त्याला पुरवलेले व्होल्टेज ही दोन्ही, फोन चालू असतानाच, कामाच्या भारानुसार कमीजास्त करण्याची पद्धत. ‘डायनॅमिक व्होल्टेज अँड फ्रीक्वेन्सी स्केलिंग’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती डीव्हीएफएस या नावाने ओळखली जाते. मराठी विज्ञानलेखनात ‘कंप्रता’ व ‘वारंवारता’ हे दोन्ही शब्द प्रचारात आहेत. या नोंदीत पहिला घेतला आहे. ‘विद्युत् दाब’ हा शब्द जुना आणि नेमका असला तरी या क्षेत्रात काम करणारे ‘व्होल्टेज’च म्हणतात, म्हणून येथेही तोच ठेवला आहे.

तत्त्व : आजचे प्रोसेसर सीमॉस प्रकारच्या ट्रँझिस्टरांचे, म्हणजे सूक्ष्म विद्युत् स्विचांचे, असतात. एखाद्या मंडलाची अवस्था शून्याची एक किंवा एकाची शून्य होते, तेव्हा त्याच्या तारा व पुढील ट्रँझिस्टर यांच्या धारकतेत विद्युत् भार भरला किंवा रिकामा केला जातो. यात खर्च होणाऱ्या शक्तीला गतिक शक्ती म्हणतात. ती धारकता, व्होल्टेजचा वर्ग आणि कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. चिपचा किती भाग प्रत्यक्ष हालचाल करतो त्यानुसार एक गुणक त्यात आणखी येतो.

या सूत्राचा अर्थ लावताना एक चूक वारंवार होते. केवळ कंप्रता निम्मी केली, तर शक्ती निम्मी होते हे खरे. पण तेच काम पुरे व्हायला दुप्पट वेळ लागतो आणि एकूण ऊर्जा तेवढीच जाते. चिप थंड राहते एवढाच फायदा. बॅटरी वाचते ती व्होल्टेजच्या वर्गामुळे. व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरवले, तर त्याच कामाची गतिक ऊर्जा मूळच्या ६४ टक्के होते, मग ते काम सावकाश होवो की भरभर. मात्र व्होल्टेज उतरले की ट्रँझिस्टर मंदावतात, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात सर्वांत लांबच्या मार्गावरील संकेत पोहोचेनासा होतो आणि उत्तर चुकते. म्हणून आधी घड्याळ मंद करावे लागते. कंप्रता कमी करणे ही व्होल्टेज उतरवण्यासाठी मोजलेली किंमत आहे. पद्धतीचे नाव व लोकप्रिय वर्णने यांवरून हा क्रम उलटा वाटतो.

व्होल्टेज आणि वेग यांचे नाते नेमके कसे, याबद्दल पाठ्यपुस्तके बरीच ढोबळ आहेत. व्होल्टेज कंप्रतेच्या सम प्रमाणात बदलते असे धरले, तर शक्ती कंप्रतेच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हा ‘घनाचा नियम’ सर्वत्र उद्धृत होतो. ताकायासू साकुराई व रिचर्ड न्यूटन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार ट्रँझिस्टरचा प्रवाह हा पुरवठा-व्होल्टेज व उंबरठा-व्होल्टेज (ट्रँझिस्टर चालू होण्यास लागणारे किमान व्होल्टेज) यांच्यातील फरकाच्या एका घाताप्रमाणे बदलतो. जुन्या, लांब ट्रँझिस्टरांसाठी हा घातांक २ असतो, तर आखूड ट्रँझिस्टरांसाठी तो १ कडे सरकतो. यावरून दोन गोष्टी निघतात. व्होल्टेज उंबरठ्याजवळ आले की वेग झपाट्याने ढासळतो. आणि वरच्या टोकाला शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्‌झसाठी व्होल्टेज बरेच चढवावे लागते. फोनमधील कंप्रतांच्या तक्त्याचे सर्वांत वरचे टप्पे सर्वांत महाग पडतात ते याच कारणाने. घनाचा नियम मधल्या पट्ट्यात अंदाजापुरता बरा. टोकांना तो लावू नये.

गतिक शक्तीखेरीज गळतीची शक्ती असते. ट्रँझिस्टर ‘बंद’ असतानाही थोडा प्रवाह झिरपत राहतो आणि तापमान वाढले की झिरपणे वाढते. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलेल्या नियमानुसार ट्रँझिस्टर लहान होत गेले की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येते. गळतीमुळे उंबरठा-व्होल्टेज आणखी खाली नेता येईना, तेव्हा हा क्रम साधारणपणे २००५ च्या आसपास अडखळला. एके काळी ५ व्होल्टवर चालणारी मंडले तोवर १ व्होल्टजवळ आली होती. स्मार्टफोनचा प्रसार त्यानंतरचा, म्हणजे समायोजनाला मोकळी जागा आधीच आक्रसलेली असतानाचा आहे.

उगम : ही कल्पना प्रथम कोणाची, यावर एकमत नाही. मतभेदाचे मूळ मुख्यतः ‘कल्पना’ कशाला म्हणायचे यात आहे. मंडलशास्त्राच्या बाजूने पाहणारे १९९० च्या आंतरराष्ट्रीय घन-अवस्था मंडल परिषदेतील मॅकेन व सहकाऱ्यांच्या निबंधाकडे बोट दाखवतात. दिलेल्या कंप्रतेला पुरेल इतके किमान व्होल्टेज चिपने स्वतःच शोधून घ्यावे, अशी योजना त्यात होती. कंप्रता मात्र बाहेरून ठरलेली. कामाचा भार पाहून ती बदलणारे कोणी त्यात नव्हते. १९९२ मध्ये अनंत चंद्रकासन, सॅम्युएल शेंग व रॉबर्ट ब्रॉडरसन यांनी बर्कली येथून कमी शक्तीच्या सीमॉस रचनेवरील जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने व्होल्टेज उतरवून वेगाची तूट समांतर मंडलांनी भरून काढण्याचा मार्ग दाखवला. हा प्रभाव मोठा असला तरी ते व्होल्टेज रचनेच्या वेळी ठरायचे, चालू यंत्रात बदलायचे नव्हे.

संगणकशास्त्राच्या बाजूने १९९४ चा निबंध आद्य मानला जातो. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील मार्क वायझर, ब्रेंट वेल्च, ॲलन डेमर्स व स्कॉट शेंकर यांनी त्यात कार्यप्रणालीच्या नियोजकाने, म्हणजे कोणते काम केव्हा चालवायचे हे ठरवणाऱ्या भागाने, घड्याळाचा वेग सतत बदलत ठेवावा असे सुचवले आणि ‘दर जूलमागे किती दशलक्ष आज्ञा’ असे नवे माप मांडले. नुसता वेग कमी करून हे माप सुधारत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले आहे. त्यांच्याकडे तसे यंत्र नव्हते. वर्कस्टेशनवरील कामाच्या नोंदींवर तीन पद्धती चालवून त्यांनी हिशेब केला. पहिलीला सर्व भविष्य ठाऊक, दुसरीला थोडे, तिसरीला फक्त नुकताच सरलेला काळ ठाऊक. प्रत्यक्षात उपयोगी ती तिसरीच, आणि आजच्या फोनमधील पद्धती तिच्याच वंशातल्या आहेत. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस याओ, डेमर्स व शेंकर यांनी मुदती आधीच ठाऊक असल्यास ऊर्जेच्या दृष्टीने सर्वोत्तम वेळापत्रक कोणते, याचे गणिती उत्तर दिले.

तिसरा पक्ष प्रत्यक्ष यंत्राला प्रमाण मानतो. २००० मध्ये टॉम बर्ड, ब्रॉडरसन आदींनी बर्कली येथे एआरएम कंपनीच्या एआरएम८ या गाभ्यावर (प्रोसेसरमधील प्रत्यक्ष गणना करणाऱ्या भागावर) बांधलेली प्रणाली सादर केली; ती १.२ ते ३.८ व्होल्ट आणि ५ ते ८० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात कार्यप्रणालीच्या सांगण्यावरून फिरत असे. त्याच वर्षी जानेवारीत इंटेलने लॅपटॉपसाठीच्या पेंटियम-३ मध्ये स्पीडस्टेप हे समायोजन-तंत्र आणले आणि ट्रान्समेटाने क्रूसो प्रोसेसर लाँगरन या तशाच तंत्रासह जाहीर केला. स्पीडस्टेपच्या पहिल्या आवृत्तीत दोनच पायऱ्या होत्या : वीज जोडलेली असेल तर १.६ व्होल्टवर ६०० किंवा ६५० मेगाहर्ट्‌झ, बॅटरीवर १.३५ व्होल्टवर ५००. वर्गाचा हिशेब लावला तर दर क्रियेमागे गतिक ऊर्जेत सुमारे २९ टक्के बचत होते. मात्र भाराशी तिचा संबंध नव्हता. प्लग काढला की वेग उतरे, इतकेच. लाँगरन भार पाहून चाले.

भार मोजणारे सॉफ्टवेअर आणि व्होल्टेज हलवणारे मंडल यांचा मेळ हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य मानले, तर १९९४ ला कल्पनेचा आणि २००० ला यंत्राचा आरंभ धरणे अधिक सयुक्तिक दिसते. मॅकेन यांचे काम यापेक्षा वेगळ्या शाखेचे, म्हणजे चिपच्या अंगच्या क्षमतेशी व्होल्टेज जुळवून घेणाऱ्या अनुकूली पद्धतीचे पूर्वज ठरते. ती शाखाही पुढे फोनमध्ये आलीच.

फोनमधील रचना : लिथियम-आयन घटाचे व्होल्टेज ३.७ च्या आसपास व पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट किंवा थोडे अधिक असते. प्रोसेसरच्या गाभ्यांना साधारण अर्धा ते एक व्होल्ट लागते. मधली उतरण वीज-व्यवस्थापन चिपमधील बक कन्व्हर्टर करतात. कंप्रता आणि तिला लागणारे व्होल्टेज यांच्या जोड्यांचा एक तक्ता असतो. त्यातील प्रत्येक जोडीला कार्यबिंदू म्हणतात. वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढवायचे, ते स्थिरावल्यावर घड्याळ. उतरताना आधी घड्याळ, मग व्होल्टेज. क्रम चुकला, तर काही मायक्रोसेकंद प्रोसेसर अपुऱ्या व्होल्टेजवर धावतो, आणि तेवढा वेळ गणित चुकायला पुरेसा असतो.

एआरएमने ऑक्टोबर २०११ मध्ये मोठे व लहान गाभे एकत्र वापरणारी बिग-लिटल रचना कॉर्टेक्स-ए१५ व कॉर्टेक्स-ए७ यांच्या जोडीने जाहीर केली. मोठा गाभा कितीही मंद केला तरी एका मर्यादेपलीकडे काटकसरी होत नाही, कारण व्होल्टेजला तळ असतो. विशेषतः चिपवरील स्मृतीचे कोश त्याखाली माहिती धरून ठेवू शकत नाहीत. तळाच्या खालचे काम मग मुळातच लहान असलेल्या गाभ्याकडे द्यायचे. २०१७ च्या डायनॅमिक-आयक्यू रचनेने दोन्ही प्रकारचे गाभे एकाच समूहात बसवले.

गव्हर्नर : किती वेग हवा हे ठरवणाऱ्या, लिनक्स कार्यप्रणालीच्या कर्नलमधील (मूळ सॉफ्टवेअरमधील) भागाला गव्हर्नर म्हणतात. अँड्रॉइड लिनक्सवर उभा असल्याने फोनमधील बहुतेक चर्चा याच घराण्याची आहे. ‘ऑनडिमांड’ हा २००४ मध्ये २.६.९ आवृत्तीत आला. ठरावीक काळाने प्रोसेसर किती टक्के व्यग्र होता हे पाहायचे आणि मर्यादा ओलांडली की थेट सर्वोच्च वेगावर जायचे, अशी त्याची रीत. हाताच्या स्पर्शाला तत्काळ दाद द्यावी लागणाऱ्या फोनला ती आळशीही वाटे आणि उधळीही. म्हणून अँड्रॉइडसाठी गुगलमध्ये ‘इंटरॅक्टिव्ह’ तयार झाला. त्याचा काळ साधारण २०१० धरावा.

२०१६ मधील ४.७ आवृत्तीतला ‘स्केडयुटिल’ वेगळ्या वाटेने जातो. तो स्वतंत्रपणे काही मोजत नाही. नियोजकाने प्रत्येक कामाचा जो भार आधीच मोजलेला असतो तो घेतो आणि त्याच्या सव्वापट क्षमता मिळेल अशी कंप्रता मागतो. भार ८० टक्क्यांवर गेला की मागणी पूर्ण वेगाची होते. नियोजकाचे मोजमाप विसरत जाणारे असते : ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या कामाचे वजन निम्मे धरले जाते. येथे एक अडचण आहे. निजलेले काम एकदम पूर्ण भाराने जागे झाले, तर मोजलेला भार ५० टक्क्यांवर यायला ३२, ७५ टक्क्यांवर यायला ६४ मिलिसेकंद लागतात. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चौकट (पडद्यावर एकदा उमटलेले चित्र) सुमारे १६.७ मिलिसेकंदांची, १२० हर्ट्‌झवर ८.३ ची. मोजमाप सावध होईपर्यंत अनेक चौकटी चुकलेल्या असतात आणि बोटाखाली पडदा अडखळतो. यावर तोडगे निघाले : स्पर्श होताच काही काळ वेग मुद्दाम चढवणे, चिपनिर्मात्या क्वालकॉमची, ठरावीक लांबीच्या कालखंडांवर (‘खिडक्यांवर’) आधारलेली भारमोजणी, आणि २०१९ मध्ये मूळ लिनक्समध्ये आलेली, एखाद्या कामाचा भार किमान इतका किंवा कमाल इतकाच धरा असे सांगण्याची सोय. कोणत्या गाभ्यावर काम टाकले तर ऊर्जा कमी जाईल याचा हिशेब करणारे नियोजन त्याच वर्षी ५.० आवृत्तीत दाखल झाले.

सावकाश की झटपट : काम मंद गतीने पसरवावे की भरधाव उरकून प्रोसेसरला झोपवावे, हा जुना वाद आहे. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील एटियेन ल स्युअर व गरनॉट हायझर यांनी २०१० मध्ये सर्व्हर-प्रोसेसरांच्या लागोपाठच्या पिढ्या तपासून समायोजनाचा लाभ घटत चालल्याचा निष्कर्ष काढला. गळती वाढलेली, व्होल्टेजचा पट्टा अरुंद आणि झोपेच्या अवस्था सुधारलेल्या, ही त्यांची कारणे. फोनबाबत हे जसेच्या तसे लागू करणे घाईचे होईल. फोनमध्ये वरचे टप्पे व्होल्टेजच्या उभ्या चढावर असतात, त्यामुळे भरधाव उरकणे सहसा तोट्याचे. आणि अगदी खालचे टप्पे तळाच्या व्होल्टेजवरच असल्याने तेथे आणखी मंद होण्यात अर्थ नसतो. किफायतीची जागा मधेच कुठेतरी सापडते. त्याच वर्षी हायझर यांनी ॲरन कॅरोल यांच्यासह फोनच्या भागांची शक्ती मोजली, तेव्हा पडदा व रेडिओ यांचा वाटा मोठा निघाला. प्रोसेसरवरील बचतीचे आकडे वाचताना ही मोजणी आठवावी.

व्होल्टेजचा जास्तीचा साठा : सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून निघालेल्या दोन चिपा तंतोतंत सारख्या नसतात. सर्वांत अशक्त चिपही चालावी म्हणून तक्त्यातील व्होल्टेज थोडे चढे ठेवतात. त्याशिवाय चिपांची प्रतवारी करून प्रत्येक प्रतीला वेगळा तक्ता देतात. हा जास्तीचा साठा कमी करण्यासाठी २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील गटाने ‘रेझर’ मांडले : चुका होऊ लागेपर्यंत व्होल्टेज उतरवायचे आणि झालेल्या चुका तेथल्या तेथे दुरुस्त करायच्या. हौशी वापरकर्त्यांनी हेच काम अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात बदललेल्या कर्नलांतून हाताने केले. टप्प्याटप्प्याला २५ मिलिव्होल्ट उतरवून फोन कोसळतो का ते पाहायचे. पुढे अनेक चिपांत व्होल्टेजचा तक्ता कर्नलमधून निघून स्वतंत्र नियंत्रकाकडे गेला. कर्नल आता फक्त कार्यक्षमतेची पातळी मागतो, त्यामुळे हा छंद ओसरला.

बॅटरीच्या बाजूची मर्यादा : जुन्या किंवा थंड घटाचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त प्रवाह ओढला, तर घटाचे व्होल्टेज कोसळते व फोन बंद पडतो. ॲपलने जानेवारी २०१७ मधील आयओएस १०.२.१ मध्ये अशा वेळी कमाल कार्यक्षमता आवळण्याची सोय घातली, पण ती काय करते हे डिसेंबर २०१७ मध्ये खुलेपणाने मान्य केले. पुढील वर्षी आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची स्थिती पाहण्याची व ही आवळणी बंद करण्याची सोय आली. वापरकर्त्यांना न कळवल्याबद्दल फ्रान्समधील ग्राहकसंरक्षण यंत्रणेने फेब्रुवारी २०२० मध्ये २.५ कोटी युरोंचा दंड केला. तांत्रिकदृष्ट्या उपाय बरोबर होता. आक्षेप होता तो मौनावर.

सुरक्षा : व्होल्टेज व कंप्रता सॉफ्टवेअरच्या हाती दिल्याने एक वाट उघडी राहिली. कोलंबिया विद्यापीठातील ॲड्रियन टँग, सिम्हा सेतुमाधवन व साल्व्हातोर स्टोल्फो यांनी २०१७ मध्ये ‘क्लॉकस्क्रू’ हल्ला दाखवला. कर्नलवर ताबा मिळवून त्यांनी नेक्सस ६ फोनचा प्रोसेसर अवाजवी कार्यबिंदूवर ढकलला, नेमक्या क्षणी गणितात चूक पाडली आणि एआरएमच्या ट्रस्टझोन या सुरक्षित कक्षातील एनक्रिप्शनची किल्ली मिळवली. व्होल्टेज व कंप्रता यांच्या जोडीवर हार्डवेअरची स्वतंत्र मर्यादा नव्हती. दोन नियामक वेगवेगळे असून त्यांतील मेळ राखणे पूर्णपणे सॉफ्टवेअरवर सोपवलेले होते.