पार्श्वभूमी : १९१९ च्या आधीची पन्नास वर्षं

१ ऑक्टोबर १९१९, सिनसिनाटी. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या वार्षिक अजिंक्यपदाच्या मालिकेचा पहिला सामना. शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर (चेंडू फेकणारा) एडी सिकॉट हा अचूक फेकीसाठी नावाजलेला, पण त्याचा दुसराच चेंडू सिनसिनाटी रेड्सचा फलंदाज मॉरी रॅथ याच्या पाठीत बसला. सट्टेवाल्यांना हवी होती ती खूण मिळाली : ठरल्याप्रमाणे शिकागो मुद्दाम हरणार. आदल्या रात्री सिकॉटच्या उशीखाली दहा हजार डॉलर येऊन पडले होते. नऊ सामन्यांच्या त्या मालिकेत शिकागो ५-३ ने हरलं.

हे प्रकरण सांगताना बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, जणू निर्मळ खेळात त्या वर्षी अचानक कीड शिरली. मला ते पटत नाही. ती कीड पन्नास वर्षांहून जुनी होती आणि सगळ्यांना दिसत होती.

२८ सप्टेंबर १८६५ ला होबोकेनच्या एलिसियन फील्ड्सवर न्यूयॉर्कचा म्युच्युअल्स संघ ब्रुकलिनच्या एकफर्डकडून २३-११ असा हरला. म्युच्युअल्सचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) विल्यम वान्सली याच्या हातून इतके चेंडू सुटले की त्याच्याच संघातल्या लोकांना संशय आला. चौकशीत कळलं, की वान्सली आणि त्याच्याच संघातले डफी व डेव्हर या तिघांनी मिळून १०० डॉलर घेतले होते. तिघांवर बंदी आली, पण काही वर्षांतच ते तिघेही पुन्हा मैदानात दिसू लागले. ती माफी पुढे फार महाग पडली असं मला वाटतं.

तेव्हा सट्टा काही लपूनछपून चालत नव्हता. मैदानातच भाव पुकारले जात. ट्रॉय गावाच्या हेमेकर्स संघामागे जॉन मॉरिसी उभा होता. हा मुठीयुद्धाचा माजी विजेता, जुगाराच्या अड्ड्यांचा मालक आणि वर अमेरिकी काँग्रेसचा सदस्य. १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या पहिल्या उघड व्यावसायिक संघाविरुद्ध १७-१७ अशी बरोबरी असताना हेमेकर्सनी पंचाशी वाद काढून मैदान सोडलं. मोठ्या पैजा बुडू नयेत म्हणून हे नाटक झालं, असा संशय तेव्हापासून आहे.

१८७६ मध्ये विल्यम हलबर्टने नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची संघटना उभी केली ती सट्ट्याला मैदानाबाहेर काढू, असं सांगूनच. पुढच्याच वर्षी कसोटी लागली. लुइव्हिल ग्रेज हा संघ अव्वल स्थानावर असताना अचानक हरू लागले. क्लबने खेळाडूंच्या तारा तपासल्या, तेव्हा काही तारांत 'सॅश' हा शब्द सापडला. सामना सोडणार, असा त्याचा अर्थ होता. चौघांना कायमचं बाहेर काढलं. त्यातला जिम डेव्हलिन हा त्या मोसमात संघाचा प्रत्येक डाव एकट्याने टाकणारा पिचर. परत घ्या म्हणून तो अनेकदा हलबर्टच्या विनवण्या करत राहिला. नंतर फिलाडेल्फियात पोलिसाची नोकरी केली आणि १८८३ मध्ये तो वारला.

हलबर्टचा हा कडकपणा नंतरच्या कारभाऱ्यांना झेपला नाही. उलट करारातल्या 'रिझर्व्ह क्लॉज' या कलमामुळे खेळाडू एका मालकाशी जखडला गेला. पगार पटला नाही तरी दुसऱ्या संघात जायची सोय नाही. यामुळे लाच घेणं क्षम्य ठरत नाही, पण बुकीला खेळाडूच्या मनात शिरायला वाट मिळाली ती इथेच.

हॅल चेसची कथा मला सर्वांत जास्त खुपते. पहिल्या बेसवर, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या त्या जागी, त्याच्यासारखा खेळाडू नव्हता आणि सामने विकण्याबद्दल तितका बदनामही कोणी नव्हता. १९१८ मध्ये सिनसिनाटीचा मॅनेजर क्रिस्टी मॅथ्यूसन याने त्याला निलंबित केलं. सुनावणी झाली तेव्हा मॅथ्यूसन सैन्याबरोबर फ्रान्समध्ये होता. नॅशनल लीगचा अध्यक्ष जॉन हायडलरने पुरावा अपुरा ठरवून चेसला सोडलं, आणि १९१९ च्या मोसमात तो न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला. देशभरच्या ड्रेसिंग रूममधल्या खेळाडूंनी यातून काय समजायचं?

प्रेक्षकांत बसलेले सट्टेवालेही किती धीट झाले होते! जून १९१७ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर यजमान रेड सॉक्स व्हाइट सॉक्सविरुद्ध २-० ने मागे होते आणि पाऊस सुरू झाला. पाच डाव पूर्ण झाले नाहीत तर सामना रद्द, म्हणजे पैजाही रद्द. तेव्हा ही टोळी सरळ मैदानात घुसली. व्हाइट सॉक्सच्या बक विव्हर आणि फ्रेड मॅकमुलिन यांची त्यांच्याशी झटापट झाली. सामना पुढे खेळवला गेला आणि व्हाइट सॉक्सनी तो जिंकला. दोन वर्षांनी वर्ल्ड सिरीजच्या कटात डागाळलेल्या शिकागोच्या आठ खेळाडूंत हे दोघेही होते.

१९१९ च्या कटात बोस्टनचा बुकी स्पोर्ट सुलिव्हन होता, माजी मुष्टियुद्ध विजेता एब अटेल होता, आणि पैशाचा झरा न्यूयॉर्कचा बडा जुगारी अर्नोल्ड रॉथस्टीन याच्याकडे वळतो असं मानलं जातं. खेळाडूंना कबूल केलेली रक्कम कधीच पूर्ण मिळाली नाही. शिकागोच्या शूलेस जो जॅक्सनला २० हजार डॉलरऐवजी ५ हजारच मिळाले. कटात नसलेला शिकागोचा पिचर डिकी कर मात्र जीव तोडून खेळला आणि त्याने दोन सामने जिंकून दिले.

१९२० मध्ये सिकॉट आणि जॅक्सन यांनी ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळापुढे, कबुली दिली. खटल्याच्या वेळी त्या कबुलीजबाबांचे कागद गायब झालेले होते. २ ऑगस्ट १९२१ ला ज्युरीने खेळाडूंना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे सर्वोच्च प्रशासक असलेले कमिशनर, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांवर कायमची बंदी घातली. रॉथस्टीनवर कधी आरोपपत्रच दाखल झालं नाही. १९२८ मध्ये मॅनहॅटनच्या एका हॉटेलात त्याला गोळी घातली गेली, तीही दुसऱ्याच कुठल्या भानगडीवरून.

बक विव्हरने पैसे घेतले नव्हते. मालिकेत तो फलंदाजीत .३२४ च्या उत्तम सरासरीने खेळला, क्षेत्ररक्षणात एकही चूक केली नाही. कट माहीत असून तो गप्प राहिला, हा त्याचा गुन्हा. बंदी उठवा म्हणून तो पुढे पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिला. १९५६ मध्ये तो वारला. मे २०२५ मध्ये मेजर लीग बेसबॉलने मृत खेळाडूंवरची कायमची बंदी उठवली, तेव्हा त्या यादीत त्याचंही नाव होतं.