जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्याचा तपास रोखणे

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ म्हणजे बोलीतली ‘ॲट्रॉसिटी’. त्यातील कलम ३(१)(आर) व (एस), म्हणजे चारचौघांत जातीवरून केलेला अपमान व जातिवाचक शिवीगाळ, याखालील गुन्ह्याचा तपास उच्च न्यायालय थांबवू शकते किंवा गुन्हाच रद्द करू शकते. हा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ मधून आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मधून (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ४८२) येतो. ॲट्रॉसिटीचे खटले चालवणाऱ्या नाशिकच्या विशेष न्यायालयाकडे तो नाही; याचिका मुंबईलाच करावी लागते.

फिर्याद अक्षरशः खरी धरूनही गुन्हा बनत नसेल, तर तो रद्द होऊ शकतो (सर्वोच्च न्यायालयाचा भजनलाल निकाल). साक्षीदार खोटा, तारीख चुकीची, असले बचाव इथे चालत नाहीत. ते खटल्यात मांडायचे. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा, आरोपी त्याबाहेरचा आणि अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ झालेला, हे फिर्यादीत दिसावे लागते.

खरी ओढाताण होते ती या ‘नजरेसमोर’वरून. पंचवटीतल्या वाड्याचे अंगण खासगी असले, तरी रस्त्यावरून दिसत असेल तर ती जागा नजरेसमोरची ठरते (स्वर्ण सिंग, २००८). बंद खोलीतही नातेवाईक-मित्रांखेरीज बाहेरचा माणूस हजर असला तर कलम लागते. चार भिंतींआड, त्रयस्थ कोणीच नसताना झालेली शिवीगाळ मात्र त्यात बसत नाही (हितेश वर्मा, २०२०). म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात दार उघडे होते का, ओट्यापासून रस्ता किती अंतरावर, कोण कुठे उभे होते, हे लिहिलेले असावे. ‘जातीवरून शिवीगाळ केली’ एवढ्या एका ओळीवरची फिर्याद सहज कोसळते. खरी घटनाही अशाने हातची जाते, आणि दोष बहुधा फिर्याद लिहून घेणाऱ्याचा असतो.

निफाड-दिंडोरीकडे बांधाच्या भांडणातून गुन्हा दाखल झाला, तर आरोपी ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणतो. तेवढ्याने भागत नाही. शिवी जातीवरून आणि चारचौघांत दिलेली असेल, तर बांधाचा वाद ढाल होत नाही.

याचिका दाखल झाली म्हणून तपास थांबत नाही. सरसकट अंतरिम स्थगिती देऊ नये, दिलीच तर कारणे नोंदवावीत, असे निहारिका निकालाने (२०२१) बजावले आहे. कलम १५अ प्रमाणे पीडिताला नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. तडजोडीवरही गुन्हा रद्द होऊ शकतो (रामावतार, २०२१), पण पीडितावर दबाव नव्हता याची न्यायालयाला आधी खात्री पटावी लागते.