मूठ विसरलेली नाही

इंग्रज चित्रकार विल्यम होल्मन हंट यांच्या ‘द लाइट ऑफ द वर्ल्ड’ या चित्रात रात्रीच्या वेळी कंदील घेतलेला ख्रिस्त ज्या बंद दारावर थाप मारतो, त्या दाराला बाहेरून मूठच नाही, आणि ती रंगवायची चित्रकार विसरला, अशी गोष्ट अनेक वर्षे सांगितली जाते. ती खरी नाही. हे दार मनाचे असून ते फक्त आतूनच उघडते, म्हणून मूठ मुद्दामच वगळलेली आहे. चित्राचा आधार बायबलच्या ‘नव्या करारा’तील ‘प्रकटीकरण’ 3:20 हे, दाराशी उभा राहून ठोठावणाऱ्या ख्रिस्ताचे वचन आहे, आणि त्यातही दार उघडायचे ते आतल्यानेच. शिवाय गंजलेले लोखंड, दारावर चढलेली वेल आणि उंबरठ्याशी माजलेले तण इतक्या निगुतीने रंगवणारा माणूस मूठ विसरेल, हे मुळातच पटण्यासारखे नाही.

प्रकाशही येथे एक नसून दोन आहेत. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी 1854 मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रात कंदिलाचा तांबूस उजेड म्हणजे सदसद्विवेक आणि मस्तकाभोवतीचे तेज म्हणजे तारणाची आशा, असा उलगडा केला होता. कंदिलाचा उजेड बंद दारावर, तणावर आणि गळून पडलेल्या एका सफरचंदावर पडतो. मूळ चित्र ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात आहे.