आपलं कार्ड परदेशात का अडतं: आठ डॉलरपासून ओटीपीपर्यंत

भाची जर्मनीला शिकायला गेली, त्याच्या तिसऱ्याच दिवशी रात्री साडेदहाला दादाचा फोन वाजला. तिकडे संध्याकाळचे सहा वाजले होते. किराणा दुकानात दूध, ब्रेड, तांदूळ सगळं काउंटरवर मांडून झालं होतं आणि इथल्या बँकेचं डेबिट कार्ड मशीन काही केल्या घेत नव्हतं. खात्यात पैसे होते, पिनही बरोबर होता. पण कार्डावरचा परदेशी वापर बंद होता. तो ॲपमधून चालू करायचा तर ओटीपी हवा, आणि ओटीपी येत होता नाशिकरोडला, टेबलावर पडलेल्या तिच्या जुन्या सिमवर. दादाने चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवले तोवर वेळ संपली होती. दुसऱ्या खेपेला जमलं.

त्या रात्री मी तिथेच होते. ‘जायच्या आधी बघून ठेवायला नको का?’ असं घरात कुणीतरी म्हणालं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. दोष पोरीचा नव्हता. त्या काउंटरवर वेगवेगळ्या काळातले नियम एकाच वेळी तिच्यासमोर उभे राहिले होते. प्रत्येक नियमामागे त्या त्या वेळची खरी अडचण आहे, आणि ती कळली की कार्ड का अडतं हेही कळतं.

पैसे एका गावात भरायचे आणि दुसऱ्या गावात उचलायचे, ही सोय आपल्याकडे कार्डाच्या कितीतरी आधीची. काशीयात्रेला निघालेला माणूस रोकड कमरेला बांधून जंगलवाटेने जात नसे. तो सावकाराकडे रुपये भरून हुंडी घेई आणि काशीच्या पेढीवर ती दाखवून पैसे उचली. दाखवताच पैसे मिळाले तर ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळाले तर मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या माणसालाच मिळत. रक्कम भलत्याच्या हाती पडू नये म्हणून केलेली ती तजवीज होती, आज ओटीपी करतो तेच काम. या सगळ्याचा मोबदला म्हणून सावकार जे कापून घेई, ती हुंडणावळ. विनिमय दराला आपण अजूनही ‘हुंडणावळीचा दर’ म्हणतो. परदेशात कार्ड घासल्यावर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के ‘मार्कअप’ लावते आणि त्यावर जीएसटी घेते. ही त्याच हुंडणावळीची आजची गत. हुंडीला मात्र सरकारची परवानगी लागत नसे.

परवानगीची गोष्ट सुरू होते सप्टेंबर १९३९ मध्ये. दुसरं महायुद्ध पेटलं आणि भारत संरक्षण नियमांखाली ब्रिटिश सरकारने परकीय चलनावर नियंत्रण आणलं. युद्धासाठी डॉलर वाचवायचे होते. युद्ध संपलं, पण नियंत्रण गेलं नाही. १९४७ मध्ये त्याचा परकीय चलन नियमन कायदा झाला, म्हणजेच फेरा. १९७३ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला. परकीय चलन ही देशाची दुर्मिळ ठेव आहे आणि नागरिकाने ती कारण सांगून, मागून घ्यायची, हा त्यातला विचार. माझ्या मते आजच्या कार्डावरचा ‘बंद’ हाही त्याच विचाराच्या घरातला आहे.

इथे आमच्या नाशिकरोडची एक गोष्ट सांगायलाच हवी. इथे नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. दादाची सगळी नोकरी करन्सी नोट प्रेसमध्ये गेली. १९२८ मध्ये ही प्रेस सुरू झाली तोवर आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. त्यानंतर १९७० च्या दशकात देवासचा छापखाना उभा राहीपर्यंत देशाच्या नोटा इथेच छापल्या जात होत्या. शेजारच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आज पासपोर्टाच्या पुस्तिका छापल्या जातात. भाचीच्या हातातला पासपोर्ट तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तयार झाला होता.

आणि याच नाशिकरोडला एकेकाळी खास परदेशात खर्च करायचे रुपये छापले गेले. कुवेत, बहारीन, कतार, ओमान, आजची अमिराती, या सगळ्या पट्ट्यात भारतीय रुपया हेच रोजच्या बाजाराचं चलन होतं. मुंबईहून गेलेला माणूस खिशातली नोट तिथे तशीच चालवू शके. कार्ड नको, हुंडणावळ नको. पण याच नोटांवर सोन्याची तस्करी चाले. तस्कर रुपये देऊन आखातात सोनं घेत. त्या नोटा तिथल्या बँकांमधून रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात भारताला पौंड मोजावे लागत. परकीय चलनाच्या गंगाजळीला लागलेली ही गळती थांबवायला १९५९ मध्ये कायदा बदलून आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्यांचे रंग वेगळे होते आणि क्रमांकाआधी झेड हे अक्षर होतं. किंमत आपल्या रुपयाइतकीच, पण भारतातल्या दुकानात त्या चालत नसत. हज यात्रेकरूंसाठीही वेगळ्या नोटा निघाल्या, त्यांच्यावर एचए अशी अक्षरं.

देशात चालणारा पैसा वेगळा आणि बाहेर चालणारा वेगळा, हे तेव्हा कागदावरच छापलेलं होतं. आज तीच रेघ कार्डाच्या सेटिंगमध्ये आहे: ‘डोमेस्टिक’ चालू, ‘इंटरनॅशनल’ बंद.

आखाती रुपया फार टिकला नाही. कुवेतने १९६१ मध्ये आपला दिनार आणला, बहारीनने १९६५ मध्ये. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा कतार आणि अमिरातींनीही हात सोडला. ओमानमध्ये तो १९७० पर्यंत चालला. त्यानंतर तिथल्या बाजारात आपल्या नोटेला पूर्वीचा मान राहिला नाही.

त्याच काळात इथून शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याच्या हातावर आठ डॉलर ठेवले जात. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हा आकडा ते चटकन सांगतात. आमच्या गल्लीतले एक काका १९७१ मध्ये अमेरिकेला गेले. घरच्यांनी शेतीचा तुकडा विकून तिकीट काढलं होतं, पण उरलेल्या रुपयांचे डॉलर करून घ्यायची मुभा नव्हती. मिळालेल्या चलनाची नोंद पासपोर्टाच्या पानावर शिक्का मारून होई. विमानतळावर घ्यायला कोणी आलं नाही तर आठ डॉलरमध्ये किती दिवस काढायचे, याचा हिशेब ते विमानात करत होते. हे सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो.

बाहेर गेलेल्यांनी पैसे पाठवावेत म्हणून मात्र सरकारने दार उघडलं. १९७० मध्ये अनिवासी भारतीयांसाठी एनआरई खातं आलं. पैसा आत येताना पायघड्या आणि बाहेर जाताना पहारा, ही रचना तेव्हाची.

१९९१ मध्ये गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि सुमारे ४७ टन सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं. त्यातून सावरताना धोरण पालटलं. ऑगस्ट १९९४ मध्ये रुपया देशाच्या चालू खात्यावर परिवर्तनीय झाला, म्हणजे प्रवास, शिक्षण, उपचार यांसाठी चलन मिळणं सोपं झालं. १ जून २००० पासून फेराची जागा फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने घेतली. नियम मोडणं हा आता फौजदारी गुन्हा न राहता दंडाचा विषय झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना आली. निवासी भारतीयाला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर नेता येऊ लागले. ही मर्यादा वाढत दोन लाखांवर गेली, २०१३ मध्ये रुपया कोसळताच ७५,००० वर आणली गेली आणि २०१५ पासून अडीच लाख डॉलर आहे. दोरी सैल झाली, पण ती सरकारच्याच हातात आहे, हे २०१३ ने दाखवून दिलं.

कार्डं याच सुमारास सर्वांच्या खिशात आली. देशातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत बसलं. नव्वदच्या दशकाअखेरीस डेबिट कार्डं आली आणि २००० नंतर ती घरोघरी पोचली. त्यांवर व्हिसा, मास्टरकार्डची चिन्हं असल्याने ती जगात कुठेही चालण्यासारखी होती. पण मागे नुसती चुंबकीय पट्टी. पट्टीची नक्कल करणं सोपं, आणि बनावट कार्ड वापरणारा बहुधा दूरच्या देशात बसलेला. म्हणून रिझर्व्ह बँकेने एकामागून एक कड्या लावल्या. १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना जास्तीची खातरजमा सक्तीची झाली. त्यातून मोबाइलवरचा ओटीपी रूढ झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये आदेश निघाला की ग्राहकाने खास मागितल्याशिवाय नवं कार्ड फक्त देशांतर्गत वापराचंच द्यायचं, आणि परदेशी वापराचं हवं असेल तर चिप असलेलं. २०१८ अखेरपर्यंत जुनी पट्टीची कार्डं बदलायची मुदत दिली गेली. ऑक्टोबर २०२० पासून नवं कार्ड भारतातल्या एटीएम आणि दुकानापुरतंच चालू असतं. बाकी सगळं ग्राहकाने स्वतः चालू-बंद करायचं.

या कड्यांनी पुष्कळांचे पैसे वाचवले, हे मी मनापासून मानते. पण ज्याने हे योजलं त्याच्या डोळ्यासमोर भारतात राहणारा, भारतातलं सिम खिशात असलेला ग्राहक होता. सिम नव्वद दिवस वापरलं नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर नंबर बंद होऊ शकतो. तो दुसऱ्याला मिळाला की खात्याची किल्लीच परक्या हातात. आणि आईवडिलांकडून फोनवर ओटीपी वाचून घेणं हे सगळी मुलं करतात, पण ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ असं आपण ज्यांना वर्षानुवर्षं बजावलं, त्यांनाच तो सांगायला लावतो. दादाला त्या रात्री याचाच त्रास जास्त झाला.

खात्याचाही प्रश्न आहे. नोकरीसाठी किंवा अनिश्चित काळासाठी बाहेर गेलेला माणूस फेमाच्या दृष्टीने अनिवासी होतो. विद्यार्थ्यांनाही तसंच धरावं, असं रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००३ मध्ये स्पष्ट केलं. मग साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. अनेक बँका एनआरओचं डेबिट कार्ड भारतात वापरण्यापुरतंच देतात. म्हणजे नियमाने वागलं तर ओळखीचं कार्डच तिकडे निरुपयोगी. बाहेर जाणाऱ्या पोरांना हे निघण्याआधी कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं. आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं.

क्रेडिट कार्डाचा धागा थोडक्यात. क्रेडिट कार्डाने परदेश दौऱ्यात केलेला खर्च २००० च्या नियमांनुसार वार्षिक मर्यादेत धरला जात नसे, डेबिट कार्डाचा धरला जाई. १६ मे २०२३ ला सरकारने ही सवलत काढली, पण मोठा गदारोळ झाला आणि २८ जूनला निर्णय लांबणीवर टाकला.

यूपीआयकडून आशा होती. जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतल्या मोबाइल नंबरवर एनआरई-एनआरओ खातं जोडायला परवानगी मिळाली, पण त्या दहांत जर्मनी नव्हता. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांनी मात्र एसएमएस हा खातरजमेचा एकमेव मार्ग राहत नाही. ॲपमधली मंजुरी, बोटाचा ठसा असे दुसरे मार्गही बँकांना देता येतात.

भाचीने तिथे स्थानिक खातं उघडलंय. रोजचा खर्च त्यातून चालतो. इथलं कार्ड तिने अडीअडचणीला ठेवलंय, आणि मशीन ‘रुपयांत की युरोत’ विचारतं तेव्हा ती युरो निवडते, कारण रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूची हुंडणावळ वेगळी कापली जाते. तिचं सिम दादाच्या जुन्या फोनमध्ये आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तो त्यात रिचार्ज मारतो आणि फोन चार्जिंगला लावून ठेवतो.