बडोद्याहून परदेशी जाताय? हेपॅटायटिस बी ची लस कोणी घ्यायची, कागद कोणते लागतात

पहिलं हे क्लिअर करू या, टुरिस्ट व्हिसाला ही लस कंपल्सरी नाहीये. यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड वेगळं, ते ठरलेल्या सेंटरवरच मिळतं, त्याच्याशी गोंधळ नको. हेप-बी ची नोंद मागतात ती मुख्यतः नर्सिंग, मेडिकल, डेंटलला जाणाऱ्या मुलांकडे, आणि अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या मेडिकलला वयानुसार बघतात. मुलाकडे सहा महिने राहायला निघालेल्या काका-काकूंना कोणी विचारणार नाही, पण तिकडे दाताचं काम निघालं, कुठे इंजेक्शन घ्यावं लागलं तर? हेपॅटायटिस बी हा लिव्हरचा आजार रक्तातून पसरतो, पाणीपुरीतून होते ती कावीळ वेगळी.

पात्रता म्हणाल तर आधी न घेतलेला कोणीही मोठा माणूस. सरकारी बाळ-लसीकरणात ही लस देशभर २०११ ला आली, त्यामुळे आज तिशी-चाळिशीतल्या बहुतेकांना लहानपणी मिळालेलीच नाही. यीस्टची किंवा आधीच्या डोसची जोरदार अ‍ॅलर्जी असेल तर नाही, डायलिसिसवाल्यांचा डोस वेगळा असतो ते डॉक्टरांना आधीच सांगा.

डोस तीन. आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी, दंडात. म्हणजे जानेवारीच्या इनटेकला जायचंय तर पहिली सुई जुलैतच, "नवरात्र उरकू दे मग बघू" केलंत की शेड्यूल बसत नाही. घाई असेल तर ०, ७, २१ दिवसांचं शेड्यूल आहे पण मग वर्षाने चौथा डोस लागतो. मधला डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, राहिलेला घेऊन टाका.

सुरू करण्याआधी एचबीएसएजी ची (अंगात हेप-बी चं इन्फेक्शन आहे का ते दाखवणारी) रक्त तपासणी करून घेतलेली बरी, इन्फेक्शन आधीच असेल तर लशीचा उपयोग शून्य. आणि गल्फवाल्यांनो, तुमच्या मेडिकलला हीच टेस्ट होते, लस घेतल्यावर दोन-अडीच आठवडे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा मेडिकल आणि डोस लागून ठेवू नका.

कागदात पासपोर्टची झेरॉक्स न्या, कारण कार्डावर नाव अगदी पासपोर्टसारखं हवं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. प्रत्येक डोससमोर तारीख, ब्रँड, बॅच नंबर (बाटलीवरचं स्टिकरच चिकटवून मागा), डॉक्टरांची सही, रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का. जुनं कार्ड हरवलंय? अँटी-एचबीएस टायटर (लशीने तयार झालेलं संरक्षण मोजणारी रक्त तपासणी) करा, १० एमआययू/एमएल किंवा वर आला तर बऱ्याच युनिव्हर्सिटी तो रिपोर्ट चालवून घेतात, तरी त्यांचा फॉर्म आधी वाचा, काहींना स्वतःच्याच फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते.