क्रेडिट रिपोर्टमध्ये अनोळखी कर्ज दिसतंय? तक्रार कशी करायची, कोणती कागदपत्रं लागतात

गृहकर्जाची फाईल घेऊन बँकेत जावं आणि 'तुमच्या नावावर एक कर्ज थकीत आहे' असं ऐकावं लागावं, म्हणजे पायाखालची वाळूच सरकते. तिथे वाद घालू नका, घरी येऊन पूर्ण क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि त्यांच्या परतफेडीची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे रिपोर्ट देतात, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढा. एकीकडे असलेली चूक दुसरीकडे असेलच असं नाही.

फसवणूक झाली असं ठरवण्याआधी त्या खात्याच्या चार ओळी नीट वाचा: खातं कोणत्या प्रकारचं, कधी उघडलं, मंजूर रक्कम किती आणि मालकी कोणाची. मालकीपुढे 'गॅरंटर' असेल, तर चुलत्याच्या ट्रॅक्टरसाठी दिलेला जामीन आठवून पाहा. ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसणारच. दुकानात मोबाईल हप्त्यावर घेतला असेल किंवा ॲपवरून पैसे घेतले असतील, तर रिपोर्टमध्ये दुकानाचं किंवा ॲपचं नाही, मागे असलेल्या वित्त कंपनीचं नाव येतं. बँकांच्या विलीनीकरणामुळेही नाव बदलतं. देना बँकेचं जुनं कर्ज आज बँक ऑफ बडोदाच्या नावावर दिसू शकतं, कारण १ एप्रिल २०१९ पासून त्या एक झाल्या.

आपल्याकडे आणखी एक घोळ होऊ शकतो, त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रात किती जणांची आहे! त्यात नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सारखं, गाव एक, पिनकोड एक. जुन्या कर्जाच्या नोंदीत पॅन नसेल, तर एकाचं पीककर्ज दुसऱ्याच्या रिपोर्टला चिकटू शकतं. म्हणून खात्यासोबत रिपोर्टमधला पॅन, पत्ता आणि मोबाईल नंबरही तपासा. तुमचा नसलेला पत्ता तिथे दिसला, तर तोच तुमचा पहिला पुरावा.

खातं खरोखरच तुमचं नसेल, तर तक्रार दोन्हीकडे करा: कर्ज देणाऱ्या संस्थेकडे आणि रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे. ज्याच्या नावाचा रिपोर्ट आहे त्याला ती करता येते. फी नाही, एजंट लागत नाही. कंपनीच्या वेबसाईटवर डिस्प्यूटचा, म्हणजे नोंदीवर हरकत घेण्याचा, फॉर्म असतो, त्यात रिपोर्टवर छापलेला त्याचा क्रमांक (कंट्रोल नंबर) टाकून ते खातं निवडायचं आणि 'हे खातं माझं नाही' हे कारण द्यायचं. पण कंपनी स्वतःहून नोंद पुसू शकत नाही, संस्थेने दुजोरा द्यावा लागतो. खरं काम संस्थेकडेच होतं, त्यामुळे तिथला अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. कर्जाचा मूळ अर्ज, केवायसीची कागदपत्रं, सही आणि पैसे कोणत्या खात्यात गेले त्याचा तपशील, एवढं अर्जात मागाच. सही तुमची नाही आणि खातंही तुमचं नाही, हे एकदा कागदावर आलं की तुमची बाजू भक्कम होते.

सोबत जोडायचं ते असं: पॅनची प्रत, पत्त्याचा पुरावा, आधार दिलं तर पहिले आठ अंक झाकलेलं, आणि ते खातं असलेलं रिपोर्टचं पान. तुमच्या पॅनवर कुणी तिऱ्हाइताने कर्ज उचलल्याचा संशय असेल, तर १९३० या हेल्पलाईनवर किंवा सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची प्रतही लावा. अर्जात ईमेल, मोबाईल आणि स्वतःच्या बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील न विसरता लिहा. भरपाई मिळायची झाली तर ती तिथेच जमा होते.

ही भरपाई अनेकांना माहीतच नसते. २६ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे, की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये द्यावे लागतात. यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. उशीर ज्याच्याकडून झाला, पैसे त्याने द्यायचे. तक्रार फेटाळली तरी कारण कळवावंच लागतं. म्हणून पोचेवरची तारीख जपा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

या काळात वसुलीवाल्याचा फोन आला आणि 'दोन हजार भरा, प्रकरण मिटवून टाकतो' असं कुणी म्हणालं, तर एक रुपयाही भरू नका. पैसे भरणं म्हणजे कर्ज आपलं असल्याचं मान्य करण्यासारखं होतं, आणि खात्यापुढे 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेलं) असा शेरा पडला तर तो पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो.

नोंद काढल्याचं पत्र आलं, तरी तेवढ्यावर थांबू नका. रिपोर्ट पुन्हा काढून ती ओळ गेल्याची खात्री करा. शेवटी असलेल्या 'एन्क्वायरी'च्या, म्हणजे कोणत्या संस्थांनी तुमचा रिपोर्ट मागवला त्याच्या, यादीत तुम्ही कधीच अर्ज न केलेल्या संस्थांची नावं असतील, तर त्यांनाही असाच अर्ज पाठवा.