उपासनेतील उपस्थिती व आयुर्मान

चर्च, सिनेगॉग यांसारख्या प्रार्थनास्थळी सामुदायिक उपासनेला नियमित जाणे आणि माणसाचे आरोग्य व आयुष्य यांतील संबंधाचा अभ्यास. धर्माचे समाजशास्त्र आणि साथरोगशास्त्र यांच्या सीमेवरच्या या विषयात अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एलेन आयडलर यांचे काम विशेष महत्त्वाचे मानले जाते.

अभ्यासाचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. काही जण तो ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १८७२ च्या लेखापासून धरतात. राजाच्या दीर्घायुष्यासाठी राष्ट्र प्रार्थना करते. तेव्हा राजे अधिक जगतात का, हे गॉल्टन यांनी तपासले. त्यांच्या कोष्टकात राजघराण्यांतील ९७ पुरुषांचे सरासरी वय ६४.०४ वर्षे, धर्मोपदेशकांचे ६९.४९ आणि जमीनदार वर्गाचे ७०.२२ होते. मात्र येथे प्रार्थना करणारे एक आणि जगणारे दुसरे. उपासकाच्या स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न त्यात येत नाही. म्हणून फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील द्यूरकेम यांचा आत्महत्येवरील ग्रंथ (१८९७) हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रॉटेस्टंटांपेक्षा कॅथलिकांत आत्महत्या कमी होतात. याचे कारण धर्ममतात नसून समूहाच्या घट्ट वीणेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे मॉरिस आल्बवाक्स यांनी (१९३०) हा फरक बराचसा ग्रामीण-शहरी राहणीचा असल्याचे दाखवले. नेदरलँड्समधील जुन्या नोंदींच्या १९९६ च्या फेरतपासणीत तर कॅथलिकांच्या काही आत्महत्या ‘आकस्मिक’ किंवा ‘अनिश्चित कारणाचा मृत्यू’ या सदरांत गेल्या असाव्यात, असे दिसले. मृत्यूचे कारण ज्या समाजात लपवावे लागते, तेथे आकडाही त्या लाजेतूनच घडतो.

आधुनिक मोजणीत प्रश्न साधा असतो : ‘तुम्ही उपासनेला किती वेळा जाता?’ उत्तरे ‘कधीच नाही’पासून ‘आठवड्यातून एकाहून अधिक वेळा’पर्यंत. त्यानंतर तीच माणसे वर्षानुवर्षे मृत्युनोंदींशी ताडून पाहतात. कॅलिफोर्नियातील अलमिडा परगण्यात ५,२८६ जणांच्या २८ वर्षांच्या पाठपुराव्यात वारंवार जाणाऱ्यांचा मृत्युधोका न जाणाऱ्यांच्या ०.६४ पट आढळला (१९९७). धूम्रपान, व्यायाम, सामाजिक संबंध इत्यादी हिशेबात घेतल्यावर तो ०.७७ पट झाला. म्हणजे फरक कमी झाला, पण संपला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय नमुन्यावरील रॉबर्ट हमर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात (१९९९) विसाव्या वर्षी कधीच न जाणारे आणि आठवड्यातून एकाहून अधिक वेळा जाणारे यांच्या अपेक्षित आयुष्यातील फरक सुमारे सात वर्षांचा निघाला.

खरी अडचण जिन्याच्या पायऱ्यांवर आहे. गुडघे धरलेली किंवा धाप लागणारी वृद्ध व्यक्ती प्रार्थनेला जाणे सोडते. ती पुढे लवकर वारली की दोष अनुपस्थितीला जातो. मेरीलँडमधील वॉशिंग्टन परगण्याच्या अभ्यासाने १९७२ मध्ये चर्चला जाणाऱ्यांत मृत्यू कमी असल्याचे सांगितले. परंतु त्याच संशोधकाने १९७७ मध्ये अपंगत्वाचा हा दोष मान्य करून आधीचा निष्कर्ष सौम्य केला. असा प्रामाणिकपणा या क्षेत्रात आणखी हवा होता.

आयडलर यांनी याच अडचणीला संशोधनाचा विषय केले. स्टॅनिस्लाव कास्ल यांच्याबरोबर त्यांनी कनेटिकटमधील न्यू हेवनच्या ६५ वर्षांवरील २,८१२ रहिवाशांची १९८२ पासूनची माहिती अभ्यासली. त्यातील १९९७ चे दोन लेख महत्त्वाचे आहेत. एकाच वेळची उपस्थिती आणि अपंगत्व न ताडता त्यांनी पाहणीच्या आधीच्या फेरीतील एकाचा पुढच्या फेरीतील दुसऱ्यावर होणारा परिणाम दोन्ही दिशांनी तपासला. उपस्थिती पुढील वर्षांतील हालचालीची क्षमता टिकण्याचे सूचक ठरली. अपंगत्वाचा नंतरच्या उपस्थितीवरील परिणाम मात्र अल्प होता. याचा अर्थ वृद्ध माणसे त्रास सोसूनही जात राहतात.

त्यांचा १९९२ चा दुसरा निष्कर्ष अधिक विवाद्य आहे. ख्रिस्ती व यहुदी वृद्धांत आपापल्या सणांपूर्वीच्या महिन्यात मृत्यू कमी होतात, असे त्यांनी नोंदवले. ओहायोतील तीन लाखांहून अधिक कर्करोग-मृत्यूंच्या पाहणीत (२००४) सण किंवा वाढदिवसासाठी मृत्यू लांबल्याचा पुरावा मिळाला नाही. ती पाहणी एकाच रोगाची आणि नाताळ, थँक्सगिव्हिंग व वाढदिवस यांपुरती होती. तरीही आकडा मोठा असल्याने तिचे पारडे जड मानावे लागते.

येल बेन्यामिनी यांच्यासह केलेले २७ अभ्यासांचे परीक्षण (१९९७) आयडलर यांचे सर्वाधिक परिचित काम आहे. ‘एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर, वैद्यकीय माहिती हिशेबात घेतल्यानंतरही, बहुतेक अभ्यासांत मृत्यूचा स्वतंत्र अंदाज देते, असे त्यांनी दाखवले. ‘बरं आहे’ म्हणणाऱ्याला डॉक्टरांच्या कागदावर नसलेले काही ठाऊक असते. धर्म हा सार्वजनिक आरोग्याचा एक सामाजिक निर्धारक आहे, अशी मांडणी करणारा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात ही मोजपट्टी जशीच्या तशी चालत नाही. हिंदू आचारात आठवड्याची सक्तीची सामुदायिक उपासना नाही. रोज घरी देवपूजा करणारा आणि आषाढीला पंढरपूरला चालत जाणारा वारकरी ‘किती वेळा जाता?’ या प्रश्नाला ‘वर्षातून एकदा’ असे उत्तर देईल आणि कोष्टकात जवळजवळ न जाणाऱ्यांच्या शेजारी बसेल. शिवाय वीस दिवसांची पायी वाट धडधाकट माणसेच निवडते. अलाहाबादच्या (आताचे प्रयागराज) माघ मेळ्यातील ४१६ कल्पवासी (मेळ्याचा महिनाभर नदीकाठी व्रतस्थ राहणारे यात्रेकरू) आणि न गेलेले १२७ जण यांची मेळ्याच्या महिनाभर आधी व महिनाभरानंतर केलेली तुलना (२०१२) या दृष्टीने अधिक योग्य रचनेची आहे. कल्पवाशांनी स्वतः सांगितलेली प्रकृती सुधारलेली दिसली. आयुर्मानाबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही.